जुनी अंगदुखी आणि आपलं मन



पेपर तपासणीचे दिवस आले की स्टाफरूममध्ये एक विषय हमखास निघतो. कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाचा फळ्यावर लिहायचा खांदा. बामची बाटली या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. यातलं बरंचसं दुखणं थोड्या दिवसांत जातं. पण तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं म्हणजे दीर्घकालीन वेदना. तिचं गणित थोडं वेगळं असतं.

"यात मनाचाही भाग आहे" असं म्हटलं की माणूस लगेच दुखावतो. म्हणजे मी नाटक करतेय का? तसं नाही हो. वेदना खरीच असते. पण पायात काटा रुतला तरी तो किती दुखणार हे मेंदू ठरवतो. 1965 साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी सांगितलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं, आणि मेंदूकडून येणारे संदेश ते कमी-जास्त उघडतात. त्यांच्या सिद्धांतातले तपशील पुढे बदलले, मूळ कल्पना टिकली.

एक उदाहरण मला फार आवडतं. 1995 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 29 वर्षांच्या एका बांधकाम कामगाराची हकीकत छापून आली. त्याने उडी मारली ती 15 सेंटिमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटाच्या आरपार! बूट जरा हलला तरी जीव जायचा, म्हणून गुंगीचं औषध देऊन खिळा काढला. बूट उतरवला तर खिळा बोटांच्या फटीतून गेलेला, पायाला ओरखडासुद्धा नाही.

आता माझंच सांगते. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'मणक्यात झीज' असे शब्द वाचले आणि मी घाबरले. खाली बसणं बंद, पाण्याची बादली बंद, सहलीला तर नावच दिलं नाही. कंबर जपली म्हणून ती बरी झाली का? उलट स्नायू लेचेपेचे झाले आणि पूर्वी न दुखणाऱ्या हालचालीही दुखू लागल्या. याला भीती आणि टाळाटाळीचं चक्र म्हणतात. व्लायेन आणि लिंटन यांनी 2000 साली ते नीट मांडलं. दुखलं की वाईटात वाईट विचार, त्यातून भीती, भीतीतून हालचाल कमी, आणि त्यातून पुन्हा दुखणं.

रिपोर्ट हातात देताना एक गोष्ट मला कुणी सांगितलीच नाही. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून 2015 मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या चकतीत झीज दिसली होती. म्हणजे केस पांढरे व्हावेत तसंच की हे!

उलटी चूकही आपण करतो. रविवारी बरं वाटलं की सगळं घर आवरायचं आणि सोमवारी आडवं व्हायचं. त्यापेक्षा काम वाटून घ्या. दहा उत्तरपत्रिका झाल्या की उठा, व्हरांड्यात एक फेरी मारा. दुखायला लागण्याची वाट बघू नका, ठरल्यावेळी उठा. चालणं रोज थोडं थोडं वाढवा. झोप मात्र सांभाळा, कारण अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी वेदना जास्त जाणवते.

घरच्यांचं वागणंही महत्त्वाचं. "तू बस, मी करते" हे प्रेमच, पण रोज रोज तेच झालं तर माणूस स्वतःला आजारी समजू लागतो. "काही होत नाही तुला" हे तर त्याहून वाईट. आणि पालकहो, मुलं ऐकत असतात. "वाकू नकोस, कंबर जाईल" हे आपलं वाक्य त्यांच्याही डोक्यात बसतं. मूल वरचेवर पाय किंवा पाठ दुखते म्हणत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मग शाळेत काही ताण आहे का ते हळूच विचारा. 'बहाणा' हा शब्द नको.

ताप, कारण नसताना घटणारं वजन, पायात वाढणारी कमजोरी, मांड्यांमध्ये बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यातलं काही असेल तर मात्र मनाबिनाचा विचार बाजूला ठेवून त्वरित डॉक्टरांकडे जा.

परवा स्नेहसंमेलनाच्या तालमीत मी मुलींबरोबर सतरंजीवर बसले. उठताना हात टेकावा लागला. दुसऱ्या दिवशी कंबर धरली, तिसऱ्या दिवशी सुटली. यंदा सहलीच्या यादीत नाव दिलंय.