आगोट, वळीव आणि मंडळीचा उन्हाळा

दरसाल परीक्षा संपून शाळेचीं दारें बंद झालीं, म्हणजे मंडळीच्या पंचांपुढें एक प्रश्न हटकून येतो : उन्हाळ्यांत रविवारची शाळा चालू ठेवावी कीं बंद करावी? बंद करावी असें म्हणणारांचीं कारणें पोकळ नाहींत. मुलें आजोळीं जातात, शिक्षक आपापल्या गांवीं जातात, उपासनामंदिराचे पत्रे दहा वाजण्याच्या आंत तापतात, आणि एका लग्नाच्या मांडवांतून दुसऱ्या लग्नाच्या मांडवांत जाण्यांतच वैशाख सरतो. तरीहि हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं असें आम्हांस वाटतें. ख्रिस्ती वर्षांतील जे मुख्य सण, त्यांपैकीं नाताळ सोडला तर बहुतेक आमच्या उन्हाळ्यांत येतात. तेव्हां याच दिवसांत शिकविणें थांबविलें, तर मुलांनीं ते सण शिकावे तरी केव्हां? प्रस्तुत लेखांत मंडळीचा उन्हाळा व तिची उपासना यांचा संबंध आम्ही थोडा मुळापासून पाहूं इच्छितों.

प्रथम तिथींचा विचार करूं. ईस्टर म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण २२ मार्च व २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोणत्याहि रविवारीं येऊं शकतो. तेथून चाळिसाव्या दिवशीं स्वर्गारोहणाचा गुरुवार, आणि पन्नासाव्या दिवशीं पेंटेकॉस्ट. म्हणजे पेंटेकॉस्ट १० मेच्या आधीं येत नाहीं व १३ जूनच्या पुढें जात नाहीं. २००८ सालीं तो ११ मे रोजीं, रोहिणीहि लागण्यापूर्वीं, आला होता. २०२५ सालीं तो ८ जून रोजीं, ऐन मृगाच्या तोंडावर आला. एकच सण एका वर्षीं नांगरटीच्या तापलेल्या ढेकळांत उभा असतो, तर दुसऱ्या वर्षीं पेरणीच्या उंबरठ्यावर. पुस्तकावरून पाठांतर करणाऱ्या मुलास हा फरक जाणवत नाहीं. शेतकऱ्याच्या मुलास तो सांगावाहि लागत नाहीं.

आतां हे सण ज्या भूमींत जन्मले तिच्याकडे वळूं. वल्हांडण, आणि त्यामागून सात आठवड्यांनीं येणारा सप्ताहांचा सण, हे यहूदी लोकांचे सण शेतीशीं बांधलेले होते. वल्हांडणाच्या सुमारास जवाची कापणी सुरू होई व पहिली पेंढी परमेश्वरापुढें ओवाळीत. सप्ताहांच्या सणापर्यंत गहू हातीं येई व नव्या पिठाच्या दोन भाकरी अर्पण करीत. या दुसऱ्या सणालाच ग्रीक भाषेंत पेंटेकॉस्ट, म्हणजे 'पन्नासावा', हें नांव पडलें. रूथेची गोष्ट विद्यार्थ्यांनीं वाचली असेलच. ती नामीबरोबर बेथलेहेमास आली ती जवाच्या कापणीच्या आरंभीं, आणि बवाजाच्या शेतांत सरवा वेंचीत राहिली ती गव्हाची कापणी संपेपर्यंत. म्हणजे तिचा सरव्याचा काळ हा स्थूलमानानें वल्हांडण ते पेंटेकॉस्ट एवढा आहे, आणि यहूदी लोक आजहि सप्ताहांच्या सणांत तें पुस्तक वाचतात.

त्या देशांत पाऊस पडतो तो हिवाळ्यांत, साधारणतः आक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. उन्हाळा अगदीं कोरडा. म्हणूनच गव्हाच्या कापणीच्या दिवसांत शमुवेलानें प्रार्थना केली आणि मेघगर्जना होऊन पाऊस पडला, तेव्हां सारे लोक भयभीत झाले. हा पाठ निघाला म्हणजे आमच्या वर्गांतील मुलें हमखास गोंधळतात. उन्हाळ्यांत गडगडून पाऊस आला यांत भिण्यासारखें काय, असें त्यांस वाटतें. वैशाखांतला वळीव त्यांनीं दरवर्षीं पाहिलेला असतो, त्याच्या गारा वेंचून खाल्लेल्या असतात. शिक्षकानें येथें पॅलेस्टाईनच्या हवेविषयीं दोन वाक्यें सांगितलीं नाहींत, तर त्या अध्यायाचा कणाच मोडतो.

वळिवाची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनीं येथें एक मोठी विचार करण्याजोगी गोष्ट करून ठेविली आहे. पावसाळ्याच्या आरंभींच्या सरींना इब्री भाषेंत एक नांव आहे व अखेरच्या सरींना दुसरें. पहिल्या सरी आक्टोबर-नोव्हेंबरांत पडून जमीन पेरणीजोगी करितात. शेवटच्या मार्च-एप्रिलांत पडून कणसांत दाणा भरतात. भाषांतरकारांनीं पहिल्यास 'आगोटीचा पाऊस' व दुसऱ्यास 'वळवाचा पाऊस' असे शब्द योजिले. शब्द इतके अस्सल, कीं ऐकणारा शेतकरी चटकन् मान डोलावतो. पण त्याच्या मनांत काय उभें राहतें? आगोट म्हणजे पावसाळ्याचें तोंड, ज्येष्ठ-आषाढ. आणि वळीव तर त्याच्याहि आधीं, चैत्र-वैशाखांत, शेत उघडें पडलें असतां येतो. अर्थात् बायबलांत जो आधीं तो आमच्याकडे नंतर. आणि तेथें जो पीक पिकवितो तो येथें झाडावरचे आंबे झोडपून जातो. भाषांतर चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. याहून बरे शब्द आणावयाचे तरी कोठून? परंतु ओळखीच्या शब्दामागें परक्या देशाचा ऋतु उभा आहे, हें शिक्षकानें विसरूं नये.

याच्या उलट एक जुळणी अशी आहे, कीं ती फार थोड्यांच्या ध्यानांत येते. नगर-सोलापुराकडील काळ्या जमिनींत रब्बी ज्वारीचा मान मोठा. पावसाळा सरतां सरतां, भाद्रपद-आश्विनांत, पेरणी. जमिनींत मुरलेल्या ओलीवर पिकाची वाढ. माघ-फाल्गुनांत कापणी व खळें. पॅलेस्टाईनच्या जवाचा क्रम हाच, महिनाभर मागेंपुढें. त्यामुळें या भागांतील मंडळ्यांत पुनरुत्थानाचा सण येतो तो कणगींत दाणे पडल्यावर. तेथें वल्हांडणहि असाच नव्या पिकाच्या तोंडीं येई. कोंकणांत तसें नाहीं. तेथें भाताची पेरणी मृगावर आणि कापणी आश्विन-कार्तिकांत. ईस्टरच्या दिवसांत तेथला शेतकरी राब भाजीत असतो. एकाच महाराष्ट्रांत, घाटाच्या वर एक पंचांग आणि खालीं दुसरें! कापणीबद्दल उपकारस्तुति करण्याचा जो सण इंग्लंडांतून आमच्याकडे आला, त्याचें आजचें रूप कॉर्नवॉल प्रांतांतील मॉर्वेनस्टो गांवीं रॉबर्ट हॉकर या पाळकानें १८४३ सालीं सुरू केलें. तो तिकडे सप्टेंबर-आक्टोबरांत होतो. त्या तिथी कोंकणच्या भातवाल्यास बऱ्याच जुळतात. नगरच्या ज्वारीवाल्यानें त्याच दिवशीं उपकारस्तुति केली, तर त्याचें पीक त्या वेळीं वीतभरहि वाढलेलें नसतें. ज्या मंडळ्या हा सण खळें झाल्यावर करितात, त्या इंग्रजी चालीपासून ढळल्या असल्या तरी सणाच्या हेतूला अधिक चिकटून आहेत, असें आमचें मत आहे.

आतां उपासनेच्या प्रत्यक्ष रीतीकडे येऊं. अमेरिकन मराठी मिशनचें काम मुंबईस १८१३ सालीं व नगरास १८३१ सालीं सुरू झालें, आणि पुढें त्या जिल्ह्यांत जी शाळा तेंच रविवारचें उपासनामंदिर, जो मास्तर तोच उपदेशक, अशी व्यवस्था पुष्कळ खेड्यांत झाली. खेड्यांतील उन्हाळ्याची उपासना एकतर उजाडतां, नाहींतर दिवस मावळल्यावर. खोली सोडून मंडळी निंबाखालीं किंवा पटांगणांत घोंगड्या टाकून बसते. कोपऱ्यांत पाण्याचा रांजण, मध्यें दिवा. शेतीचीं कामें थांबलेलीं, सकाळीं लौकर उठण्याची घाई नाहीं. कीर्तनास याहून चांगला काळ तो कोणता? नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाला व पदांना ज्यांनीं रूप दिलें त्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचें नांव पुढें येतें. त्यांच्यामागून रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनीं अभंगांचा व भजनांचा ओघ मंडळींत आणिला. भाषांतरित गीतें त्यापूर्वींहि होतीं व आजहि आम्ही तीं आवडीनें गातों. पण त्यांतील ईस्टरचीं कित्येक गीतें थंडी सरली, बर्फ वितळलें, सूर्य परत आला या आनंदांतून निघालेलीं आहेत. चैत्रांत सूर्य परत आल्याचा आनंद नगरच्या माणसास कसा व्हावा? त्याला आनंद सावलीचा. १२१ व्या स्तोत्रांत परमेश्वरास सावलीची उपमा दिलेली आहे. त्या स्तोत्रकर्त्याचें ऊन आमच्याच जातीचें होतें.

एक ऐतिहासिक गोष्ट येथें जातां जातां नमूद करतों. इंग्रजी अमदानींत पाश्चात्य मिशनरी उन्हाळ्याचे आठवडे महाबळेश्वर, पांचगणी अशा थंड हवेच्या ठिकाणीं काढीत. तो काळ विश्रांतीचा, मिशनच्या सभांचा व नव्या मंडळींना मराठी शिकविण्याचा असे. त्याबद्दल कोणास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, कीं मैदानांतील मंडळ्यांचा उन्हाळा देशी पाळकांच्या व मास्तरांच्या हातीं राहिला. नगरास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस १८५४ सालीं पाळकपदाची दीक्षा मिळाली. दीक्षा हा एक दिवसाचा विधि. मंडळी आपल्या बळावर चालविण्याची संवय अशा लांबलचक वैशाखांतच लागते.

वरील वर्णनावरून उन्हाळा म्हणजे निवांतपणा असें कोणास वाटेल, तर तें अर्धेंच खरें आहे. नगर जिल्ह्यांतील मंडळ्यांत पूर्वीं अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेलीं, भूमिहीन कुटुंबें फार. शेत थांबलें कीं त्यांची मजुरी थांबे. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांत दुष्काळी कामावर खडी फोडणारांत अशीच माणसें होतीं, आणि मिशनच्या अनाथगृहांत आलेलीं मुलें त्यांचीच. १९७२ चा दुष्काळ तर अनेक घरांतील वडील मंडळींच्या आठवणींत अजून आहे. आतां चित्र काहींसें बदललें आहे. प्रवरेच्या कांठचा सहकारी साखर कारखाना १९५० सालीं सुरू झाला, त्यामागून इतर कारखाने झाले, आणि कोरडवाहू गांवचीं कुटुंबें ऊस तोडावयास दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडासह बाहेर पडूं लागलीं. गळीत हंगाम आटोपला म्हणजे, चैत्र-वैशाखांत, तीं परततात. त्याच सुमारास मुंबई-पुण्याचे चाकरमानेहि गांवीं येतात. अशा गांवीं नाताळांत बसकरें रिकामीं असतात, आणि उन्हाळ्यांत लेकरांना बसावयास जागा पुरत नाहीं. शहरांतील पंच 'उन्हाळ्यांत कोणी नसतें' म्हणून रविवारची शाळा बंद करितात, त्या वेळीं तीं मुलें कोठें गेलेलीं असतात, हें त्यांनीं एकदां जाऊन पाहावें. ऊसतोडीवरून आलेल्या मुलाला तर वर्षाकांठीं हेच सहा-सात रविवार मिळतात.

याच दिवसांत पावसासाठीं प्रार्थना होते. अँग्लिकन मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकांत पावसासाठीं एक प्रार्थना आहे आणि तिच्या लगेच पुढें पाऊस थांबावा म्हणून दुसरी. इंग्रजांस दुसरीच अधिक वेळां लागली असल्यास नवल नाहीं! स्वर्गारोहणापूर्वींचे सोमवार, मंगळवार व बुधवार हे याचनेचे दिवस म्हणून पाळण्याची जी जुनी चाल आहे, ती गॉल देशांतील व्हिएन येथील बिशप मामेर्तुस यानें इसवी सन ४७० च्या सुमारास घातली. शेताशेतांतून मिरवणूक काढून पिकांसाठीं देवाची करुणा भाकावयाची, असें तिचें रूप. तिकडे त्या दिवसांत पीक उभें असतें. आमच्याकडे शेत नांगरून उघडें पडलेलें. तरी हे दिवस आमच्याकडेच अधिक शोभतात असें आम्हांस वाटतें. बी घरांत आहे, कर्ज डोक्यावर आहे, आकाश पांढरें आहे, अशा वेळची याचना तोंडदेखली नसते. १९७० सालीं २९ नोव्हेंबर रोजीं नागपुरास उत्तर भारताची मंडळी स्थापन होऊन अँग्लिकन व जुन्या मराठी मिशनच्या परंपरेंतील मंडळ्या एकत्र आल्या. तेव्हांपासून एकीचें प्रार्थनापुस्तक व दुसरीचें कीर्तन एका छपराखालीं आहेत. याचनेच्या तीन रात्रीं कीर्तनासाठीं राखून ठेवण्यास हरकत कोणाची?

इतरत्रच्या रीति थोडक्यांत सांगतों. वसईकडील रोमन कॅथलिक बंधूंमध्यें मे हा मरियेच्या भक्तीचा महिना. गोव्यांत २४ जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण पाऊस लागल्यावर येतो, आणि तरुण लोक भरल्या विहिरींत उड्या घेतात. सुटींतील मुलांसाठीं बायबल-शाळा भरविण्याची कल्पना मात्र अमेरिकेंतली : न्यूयॉर्कांत १८९८ सालीं हॉज नांवाच्या बाईनें रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठीं असा वर्ग उघडला, आणि जागा मिळाली ती बियरच्या गुत्त्यांत! १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनीं तें काम वाढविलें. जागेची अडचण सांगणाऱ्या पंचांस ही हकीकत अवश्य कळवावी. आमच्या गांवांत निंबाचीं झाडें पुष्कळ आहेत.

आतां पाठ कोणते घ्यावे एवढेंच राहिलें. ईस्टरपासून रूथेचें पुस्तक, दर रविवारीं थोडें थोडें. एखाद्या वळिवाच्या आठवड्यांत शमुवेलाचा तो अध्याय. पेंटेकॉस्टच्या दिवशीं प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचतात, व त्यांत पेत्रानें योएलाच्या ग्रंथांतून उतारा घेतला आहे. म्हणून बहुतेक शिक्षक योएलाचा दुसरा अध्याय २८ व्या वचनापासून उघडतात, कारण आत्म्याच्या वर्षावाचें अभिवचन तेथें सुरू होतें. पण पांच वचनें आधीं, २३ व्या वचनांत, त्याच संदेष्ट्यानें आगोटीच्या व वळवाच्या पावसाचें अभिवचन दिलें आहे. मग खळीं धान्यानें भरतील, टोळांनीं खाल्लेल्या वर्षांची भरपाई होईल, लोक पोटभर जेवतील, आणि त्यानंतर आत्मा. आमच्या वर्गांत आम्ही २३ व्या वचनापासून वाचतों. त्या दिवशीं बाहेर ढग असले तर मुलें खिडकींतून पाहतात, आणि आम्ही त्यांस पाहूं देतों.