सेल्फ का फिरेना?

मोटारीचे दिवे लख्ख लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो, पण किल्ली फिरवली की बॉनेटखालून नुसते टक्-टक्-टक्-टक् ऐकू येते आणि इंजिन काही हलत नाही. अशा वेळी बिघाड कोठे असेल बरे? 'बॅटरी डाऊन आहे', असे बहुतेक जण सांगतील. ते खरेही असू शकेल. पण हे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट पाहायला हवी, आणि ती पाहिली नाही म्हणून आमच्या शेजारच्या तात्यांना एक नवी कोरी बॅटरी विकत घ्यावी लागली.

तात्यांची अंबड रस्त्याला मोसंबीची बाग आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी हौसेने एक जुनी, परदेशी बनावटीची आलिशान मोटार घेतली. आमच्या भागात अशा गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. जालन्याहून साठेक किलोमीटरवरच्या औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) २०१० साली तेथील उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीझ गाड्या खरेदी केल्या, ती बातमी देशभर गाजली होती. त्या गाड्यांनाही आता पंधरा वर्षे उलटली. तात्यांची गाडी त्याहून जुनी, १९९० नंतरच्या दशकातली. तिच्या कंपनीचे नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, गंजाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीतून नवरदेवाची वरात निघायची होती. संध्याकाळी गाडी फुलांनी सजवायला घेतली आणि तिने टक्-टक् सुरू केले. मिस्त्री आले. नवी बॅटरी बसली. तरी तेच! मग सेल्फ उतरवून बाकावर तपासला, तो भन्नाट फिरला. आता कोणी म्हणाले, 'या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, त्याचा कंट्रोल युनिट गेला असणार.' त्या युनिटची किंमत हजारोंच्या घरात, आणि ते यायला आठ दिवस. तात्यांचा चेहरा उतरला. "सर, तुम्ही वीज शिकवता ना? जरा बघा तरी," असे म्हणून त्यांनी मला ओढत नेले.

मी मोटारीचा जाणकार नाही. पण ओमचा नियम आलिशान गाडीलाही लागू असतो, एवढे मला ठाऊक होते.

आता सेल्फचे काम नीट समजून घेऊ या. पेट्रोलचे इंजिन आपले आपण सुरू होऊ शकत नाही. कोणीतरी त्याला पहिले काही फेरे द्यावे लागतात. पूर्वी हे काम हँडल मारून करीत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसला. तेव्हा सेल्फचा जन्मच मुळी एका आलिशान गाडीसाठी झाला! केटरिंगने त्याआधी दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला छोटी विद्युतमोटर जोडण्याचे काम केले होते. मोटर सतत चालवायची नसेल, तर काही सेकंदांपुरता तिच्यावर पुष्कळ जादा भार टाकता येतो, हे त्याने तेथे ताडले होते. आजचा सेल्फही असाच क्षणभर राबणारा पैलवान आहे. त्याचा खुराक मात्र जबर. समोरच्या दिव्याचा ५५ वॅटचा एक बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. सेल्फ फिरायला लागतानाच्या क्षणी कित्येक शे अँपिअर घेतो.

एवढा प्रवाह किल्लीच्या नाजूक स्विचमधून नेता येत नाही. म्हणून सेल्फच्या पाठीवर सोलेनॉइड असतो. किल्ली फिरवली की त्याच्या वेटोळ्यातून थोडा प्रवाह जातो, त्याचा विद्युतचुंबक होतो, तो लोखंडी दांडा आत खेचतो आणि दांड्याच्या टोकाची तांब्याची तबकडी जाड संपर्कांवर बसून मोठा प्रवाह सुरू होतो. 'टक्' हा आवाज त्या दांड्याचा. म्हणजे टक् ऐकू आले की किल्ली, रिले, गिअरचा सुरक्षा-स्विच आणि कॉम्प्युटरची परवानगी, एवढे सगळे निर्दोष आहे असे धरायला हरकत नाही. कंट्रोल युनिटवरचा संशय माझ्या मनातून तेथेच निघाला.

पण टक् एकदा व्हायला हवे. ते पुनःपुन्हा का व्हावे?

तुमच्या शाळेतली विजेची घंटा आठवा. विद्युतचुंबक पट्टी ओढतो. पट्टी ओढली की मंडल तुटते. मंडल तुटले की चुंबकत्व जाते. पट्टी परत येते आणि मंडल पुन्हा जुळते. येथेही तेच घडत होते. सोलेनॉइड संपर्क जोडतो, मोटर भला मोठा प्रवाह मागते, कोठेतरी विद्युत्‌दाब कोसळतो, सोलेनॉइडला दांडा धरून ठेवण्याइतकाही दाब उरत नाही, दांडा सुटतो, मोटर तुटली की दाब परत येतो, पुन्हा टक्! प्रश्न एवढाच की दाब कोसळतो कोठे? बॅटरीतच, की वाटेत?

याचे उत्तर दिव्यांनी दिले. तात्यांना मी दिवे लावून किल्ली फिरवायला सांगितले. बॅटरी दुबळी असती, तर तिचा अंतर्गत रोध वाढलेला असता आणि प्रत्येक टक् बरोबर दिवे लालसर होऊन मिणमिणले असते. पण दिवे जवळजवळ ढळलेच नाहीत. गंमत पहा, धडधाकट गाडीचेसुद्धा दिवे सेल्फ मारताना चांगलेच मंदावतात. तात्यांच्या गाडीचे दिवे धडधाकट गाडीपेक्षाही स्थिर होते! याचा अर्थ, बॅटरीवर म्हणावा तसा भार पडतच नव्हता. सेल्फच्या वाटेवर कोणीतरी अडवून बसले होते, आणि ती वाट दिव्यांच्या वाटेपेक्षा वेगळी होती.

आता थोडे गणित करू. पुढील आकडे ढोबळ आहेत, पण वास्तवाला धरून आहेत. बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट, तिचा अंतर्गत रोध ०.००६ ओम, तारा आणि चांगले जोड मिळून ०.००२ ओम, थांबलेल्या मोटरचा रोध ०.०२० ओम. एकूण ०.०२८ ओम. प्रवाह किती? १२.६ भागिले ०.०२८, म्हणजे ४५० अँपिअर. आता या मंडलात एक खराब जोड घाला, ज्याचा रोध फक्त ०.१ ओम आहे. एकूण रोध ०.१२८ ओम झाला आणि प्रवाह उतरला ९८ अँपिअरवर. एक दशांश ओमने एवढा उत्पात! जुन्या पद्धतीच्या सेल्फमध्ये क्षेत्राचे वेटोळे मोटरशी एकसरीत असते. त्याचे पीळबल ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ते सुमारे एकविसाव्या हिश्श्यावर आले. इंजिन कसे हलणार?

दाबाची वाटणीही पहा. बॅटरीच्या आत ०.६ व्होल्ट गेले, म्हणून तिच्या टोकांवर १२ व्होल्ट शिल्लक, दिवे खूश. खराब जोडाने ९.८ व्होल्ट खाल्ले. मोटरच्या वाट्याला २ व्होल्टही धड आले नाहीत.

हा जोड शोधायचा कसा? मिस्त्रींनी मल्टिमीटरचा बझर लावून सगळ्या तारा आधीच तपासल्या होत्या. सगळीकडे 'पीं' वाजले होते. येथे पुष्कळ जण फसतात. बझर दहा-वीस ओम रोध असला तरी वाजतो, ०.१ ओम तर साध्या मीटरला दिसतही नाही. तो दिसायचा असेल तर त्यातून मोठा प्रवाह जाऊ द्यावा आणि त्याच्या दोन टोकांमधील विभवांतर मोजावे. रोध लहान असला तरी गुणाकार मोठा येतो. म्हणून मीटर ओमवर न ठेवता व्होल्टवर ठेवायचा, आणि माप सेल्फ मारत असतानाच घ्यायचे.

मी प्रयोगशाळेतला जुना काट्याचा व्होल्टमीटर नेला होता. टक्-टक् चालू असताना डिजिटल मीटरचे आकडे नुसते नाचतात. काटा निदान अंदाज देतो. या गाडीची बॅटरी मागे डिकीत होती. पहिला संशय तिच्या लांब धन तारेवर. ४ मीटर लांब, ५० चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार धरली, तर तिचा रोध सुमारे ०.००१४ ओम येतो. २०० अँपिअरला पाव व्होल्टच्या आसपास घट, ती क्षम्य आहे. बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत मीटर लावला. काटा जेमतेम हलला. वाट निर्दोष.

मग ऋण बाजू. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर. तात्यांनी किल्ली फिरवली आणि काटा उसळून सहा-सात व्होल्टांच्या दरम्यान थरथरू लागला. तेथे तो शून्याजवळ असायला हवा होता! आता एक टोक गाडीच्या बॉडीवर धरले. काटा शून्यावर. म्हणजे बॅटरीपासून बॉडीपर्यंत ठीक. बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये चोर.

तुम्ही विचाराल, इंजिन तर बॉडीवरच बसवलेले असते, मग त्यांच्यात रोध कसला? इंजिन रबरी ठोकळ्यांवर बसवलेले असते, हादरे बॉडीला लागू नयेत म्हणून. रबर विद्युत्‌रोधक. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना तांब्याच्या तारांचा विणलेला जाड पट्टा जोडलेला असतो. गॅरेजात त्याला अर्थ म्हणतात (जमिनीशी त्याचा काही संबंध नाही बरे). समोरच्या दिव्यांचा प्रवाह बॉडीतून थेट बॅटरीकडे परततो, त्याला हा पट्टा लागतच नाही. सेल्फचा प्रवाह मात्र इंजिनातून, म्हणजे या पट्ट्यातूनच परततो.

मिस्त्री गाडीखाली सरकले. "सर, पट्टा गरम लागतोय," ते आतून ओरडले. माझ्या मीटरने जे सांगितले तेच त्यांच्या बोटांनी सांगितले. ९८ अँपिअर आणि ९.८ व्होल्ट यांचा गुणाकार करा: साडेनऊशे वॅटहून अधिक. एवढी उष्णता एका बोल्टाभोवती! ॲक्सिलरेटरची पोलादी तारही कोमट झाली होती. पट्टा अडला म्हणून काही प्रवाह इंजिनापासून बॉडीकडे त्या तारेतून वाट काढीत होता. असे फार वेळ चालले तर तारेवरचे वेष्टण वितळते, आगही लागू शकते.

खात्री करायला मिस्त्रींनी जंपरची जाड तार बॉडीच्या उघड्या धातूवरून इंजिनाला जोडली. किल्ली फिरवली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू! जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पट्टा काढून पाहिला, तर बोल्टाखाली हिरवट-पांढरी पूड. तांबे, पोलाद आणि ओल एकत्र आले की तेथे एक चिमुकला विद्युतघटच तयार होतो आणि त्यात पोलाद झिजते. तात्या गाडी रोज बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धूत. ते पाणी या घटाला उत्तम विद्राव. पॉलिश पेपरने जागा चकचकीत घासून, नवा पट्टा घट्ट आवळून, वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजले: बॅटरीच्या ऋण खुंटीपासून इंजिनापर्यंत पाव व्होल्टाहून कमी. सकाळी वरात वेळेवर निघाली.

गाडीच्या बॅटरीशी तुम्ही मात्र खेळू नका. तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि तिच्या दोन खुंट्यांवर पाना आडवा पडला तर तो लाल होतो. त्याऐवजी घरी हा प्रयोग करा. दोन टॉर्चचे सेल एकसरीत घ्या. त्यांना टॉर्चचा छोटा बल्ब आणि खेळण्यातली मोटर अनेकसरीत, म्हणजे दोन वेगळ्या फांद्यांत जोडा. मोटरच्या फांदीत पेन्सिलीचे शिसे घाला. मोटर मंदावेल किंवा थांबेल, बल्बचा प्रकाश मात्र कमी होणार नाही. आता तेच शिसे सेलला लागून असलेल्या सामाईक तारेत हलवा आणि मोटरचा दांडा बोटांनी हलकेच अडवून बल्बकडे पहा. मग सांगा: तात्यांच्या गाडीत तीच पूड इंजिनाच्या पट्ट्यावर नसून बॅटरीच्या खुंटीवर साचली असती, तर किल्ली फिरवताना दिव्यांचे काय झाले असते?