बोगद्याच्या तोंडाशी

भाचा : मामा, नांदेड-लातूरच्या रस्त्यावर बोगदा कधी लागलाच नाही. आता जालन्याहून समृद्धीनं मुंबईला निघालोय. तो इगतपुरीचा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा... आत अपघात जास्त होतात का?

मामा : नाही रे, उघड्या रस्त्यापेक्षा कमीच. आत पाऊस नाही, चौक नाही, आडवी येणारी गुरं नाहीत. पण झाला तर जिवावर बेततो.

भाचा : ते का?

मामा : आधी तोंड बघ. रखरखीत उन्हातून आत शिरलास की डोळे सरावायला काही सेकंद लागतात. ताशी शंभरनं गाडी सेकंदाला 28 मीटर जाते. तीन सेकंद नीट दिसलं नाही, तर ऐंशी-पंच्याऐंशी मीटर तू नुसत्या अंदाजानं गेलास! त्यात मुंबईकडं उतार, पुढं कंटेनर हळू चाललेला. म्हणून तोंडापाशी दिवसा जास्त प्रखर दिवे लावतात. तू गॉगल काढ, हेडलाइट लाव आणि वेग बाहेरच कमी कर.

भाचा : ऐंशी काय नि शंभर काय, एवढा फरक पडतो?

मामा : पडतो. धडकेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीपेक्षा शंभरला तो दीडपटीहून जास्त. बाहेर गाडी शेतात तरी उतरते. आत भिंतीवर आदळून पुन्हा लेनमध्ये येते आणि मागचा तिच्यावर चढतो.

भाचा : आणि आग लागली तर?

मामा : खरी भीती तीच, त्यातही धुराची. 2001 मध्ये स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड बोगद्यात दोन ट्रक समोरासमोर धडकले. 11 माणसं गेली, बहुतेक गुदमरून. तिथं जाणारी-येणारी वाहनं एकाच बोगद्यातून. समृद्धीवर दोन वेगळे बोगदे आहेत, आग विझवायला पाण्याच्या तुषारांची यंत्रणाही आहे. तरी माणसानं गाडीत बसून राहू नये. 1999 ला माँ ब्लाँ बोगद्यात पिठाचा नि मार्जरिनचा ट्रक पेटला. 39 जण गेले, त्यातले निम्म्याहून अधिक आपापल्या गाडीतच.

भाचा : मग करायचं काय?

मामा : गाडी कडेला, इंजिन बंद, किल्ली आतच. बॅगा काढत बसू नको. शेजारच्या बोगद्यात जायच्या वाटा ठेवलेल्या असतात. पाटी बघून तिकडं चालू लाग.

भाचा : आजी सोबत आहे. तिला भरभर चालवत नाही.

मामा : मग तिला मागं दाराशी बसव, मधे नको. आणि बेल्ट लाव तिला, मागं असली तरी.