आगीच्या घंटेची बॅटरी

रात्री वसतिगृहात आग लागली आणि तेव्हाच वीज गेली, तर घंटा कशावर वाजणार? बॅटरीवर.

माझ्या पाहण्यातल्या एका वसतिगृहात मोटारीची जुनी बॅटरी जोडली होती. फुकट मिळाली ना! मोटार सुरू करायला क्षणभर मोठा जोर लागतो, तेवढेच तिचे काम. तासन् तास थोडी थोडी वीज पुरवण्यासाठी ती बनवलेली नसते. वीज बंद करून पाहिली, तर घंटा गप्प. वर मुले निजत होती.

आता हिशेब करू. भिऊ नका, साधा गुणाकार आहे. समजा, घंटेची पेटी एरवी ०.२ अँपिअर वीज घेते. २४ तासांचे ४.८ झाले. घंटा वाजताना १ अँपिअर लागते. अर्ध्या तासाचे ०.५. बेरीज ५.३. बॅटरी म्हातारी झाली की तिचा दम कमी होतो, म्हणून पाव हिस्सा वाढवा. झाले ६.६. तेव्हा ७ अँपिअर-तासांची, पाणी न घालावी लागणारी बंद बॅटरी घ्या.

पेटी २४ व्होल्टची असेल, तर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडतात. व्होल्ट दुप्पट होतात, अँपिअर-तास मात्र ७ च राहतात. इथे पुष्कळजण चुकतात. दोन्ही एकदमच बदला. नवी-जुनी जोडी नको. उन्हाने तापणाऱ्या भिंतीला पेटी लावू नका, उष्णतेने बॅटरी लवकर मरते. बसवल्याची तारीख तिच्यावर लिहा. आता लिहिता येते ना तुम्हांला!