वळणावरचा ‘कट्-कट्’ आवाज

प्रश्न : पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक गाडी 80,000 किलोमीटर धावली आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना पुढून ‘कट्-कट्’ आवाज येतो. बेअरिंग गेले असावे का? संपूर्ण ॲक्सल बदलावा लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चाकाचे बेअरिंग झिजल्यास सहसा वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर ऐकू येते; केवळ वळणावर, चाकाच्या फेऱ्यांच्या तालात येणारा आवाज बहुधा सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाक वळलेले असतानाही त्याला एकसमान गती पोहोचवणाऱ्या, खाचांत पोलादी गोळ्या बसवलेल्या सांध्याचा असतो. या सांध्यावरील रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, धूळ-पाणी आत शिरते आणि खाचा झिजतात. म्हणून चाकाच्या आतल्या बाजूस दिसणारे ग्रीसचे शिंतोडे हा सर्वांत बोलका पुरावा होय. मात्र त्याआधी चाकाचे नट घट्ट आहेत का, हे आपण आजच पाहावे, कारण ढिल्या नटांमुळेही असा आवाज येऊ शकतो आणि तो धोका कितीतरी मोठा आहे.

आवाज सुरू होण्यापूर्वीच फाटलेला बूट लक्षात आल्यास सफाई, नवे ग्रीस व नवा बूट एवढ्यावर भागते; नंतर ग्रीस भरणे ही तात्पुरती मलमपट्टी ठरते. तरीही घाबरण्याचे कारण नाही, कारण बऱ्याच गाड्यांत चाकाजवळचा, बाहेरचा सांधा सुटा बदलता येतो आणि आतला सांधाही झिजला असेल, तरच त्या बाजूचा संपूर्ण ॲक्सल (ड्राइव्हशाफ्ट) बदलणे सयुक्तिक ठरते. तोवर लांबचा प्रवास टाळावा, आणि दुरुस्तीत ॲक्सलचा मधला नट नवा बसवून कंपनीने ठरवलेल्या टॉर्कनेच आवळून घ्यावा.