तापलेल्या इंजिनाची नाडीपरीक्षा

उन्हाळ्याच्या सुट्टींत पुण्याहून साताऱ्याकडे येतांना खंबाटकीच्या घाटांत रस्त्याच्या कडेस बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मोटारी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. आंतून वाफेचे लोट निघत असतात, मुलेंबाळें दरडीच्या सावलींत बसलेलीं असतात, आणि यजमान पाण्याची बाटली हातीं घेऊन इंजिन निवण्याची वाट पाहत असतात. पाणी घातलें कीं गाडी चालूं लागते. परंतु पुढें वाई सोडून पसरणीचा घाट लागतांच पुन्हां तोच प्रकार! इंजिनास असें पाणी पाजीत राहणें हा कांहीं खरा उपाय नव्हे.

ताप हें रोगाचें चिन्ह आहे, रोग नव्हे. आपल्याकडे हिंवतापास एकांतरा, चातुर्थिक अशीं नांवें पडलीं, तीं ताप केव्हां येतो हें पाहूनच पडलीं. इंजिनाच्या बाबतींतही पहिला प्रश्न ‘काय बिघडलें?’ हा नसून ‘केव्हां तापतें?’ हा होय, असें आमचें मत आहे.

प्रथम निरोगी इंजिनाची रचना ध्यानीं घेऊं. जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकीं स्थूलमानानें एक तृतीयांश किंवा त्याहून कमीच भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तितकीच उष्णता धुराबरोबर बाहेर जाते, आणि उरलेला मोठा वांटा इंजिनाच्या अंगांत मुरतो. तो काढून नेण्याचें काम पाण्याकडे असतें. पंप हें पाणी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून फिरवितो. तापलेलें पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातें, तेथें वारा त्यास निववितो, आणि निवलेलें पाणी परत कामास लागतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं 1910 सालीं वसविलेल्या किर्लोस्करवाडींत जे पंप तयार होतात व नदीविहिरींचें पाणी उंसास चढवितात, त्यांचाच हा धाकटा भाऊ. पंख्याच्या फिरण्यानें पाणी मध्यापासून कडेस फेंकावयाचें, हें तत्त्व दोहोंत एकच. पंपावांचून मुळींच चालत नाहीं असें मात्र नव्हे. फोर्डच्या प्रसिद्ध ‘टी’ मोटारींत, आरंभीच्या थोड्या गाड्या सोडल्यास, पंप नव्हता. ऊन पाणी हलकें होऊन वर चढे, थंड पाणी खालीं उतरे, आणि तेवढ्यावर काम भागे.

पाण्याच्या वाटेंत थर्मोस्टॅट नांवाची झडप असते. पाणी सुमारें 85 अंशांवर पोहोंचलें म्हणजे तिच्यांतील मेण वितळून फुगतें व रेडिएटरची वाट मोकळी होते. रेडिएटरचें झांकण तर त्याहूनही मौजेचें. तें आंतला दाब धरून ठेवतें. वातावरणाच्या दाबावर आणखी तितकाच दाब चढला, तर पाणी 100 अंशांवर न उकळतां सुमारें 120 अंशांवर उकळतें. उलट महाबळेश्वरीं, सुमारें 1,370 मीटर उंचीवर, उघड्या भांड्यांतील पाणी 95-96 अंशांवरच उकळूं लागतें. झांकणाचें रबर कडक होऊन दाब धरेनासें झालें, तर सांगलीस निमूटपणें धांवणारी गाडी पांचगणीस पोहोंचतां पोहोंचतां उकळते, आणि आळ मात्र बिचाऱ्या पंपावर येतो.

आतां ‘केव्हां’ या प्रश्नाकडे वळूं. गाडी गर्दींत उभी असतां तापते, पण मोकळ्या रस्त्यावर धांवूं लागतांच निवते, तर दोष पंख्याकडे शोधावा. धांवत्या गाडीस वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीस तो पंख्यानेंच द्यावा लागतो. सुरू होऊन थोडाच वेळ झाला नाहीं तोंच कांटा चढला, तर पाणी कमी आहे किंवा थर्मोस्टॅट बंदच राहिला आहे. सपाटीवर ठीक, पण लांब चढावर किंवा भरधांव वेगांत तापते, तर पाणी पुरेसें फिरत नाहीं अथवा रेडिएटरला पुरेशी उष्णता टाकतां येत नाहीं, असें समजावें. कोठेंही गळती दिसत नसतां पाणी आटत जातें, धूर पांढरा येतो, थंड इंजिन सुरू करतांच पाण्यांत एकसारखे बुडबुडे उठतात, हीं लक्षणें मात्र हेड गॅस्केट फुटल्याचीं. तेथें चालढकल करूं नये.

आमच्या परिचयाचे मिरजेकडील एक गृहस्थ आहेत. त्यांचा मुलगा पांचगणीस वसतिगृहांत राहून शिकतो. मुलास आणावयास जावें, तर पसरणीच्या घाटांत गाडी हटकून तापे. एका कारखान्यांत पंप बदलला. दुसऱ्या ठिकाणीं थर्मोस्टॅट काढूनच टाकला. ही वाईट चाल आपल्याकडे फार बोकाळली आहे, आणि तिच्यामुळें इंजिन सपाटीवर हवें तितकें ऊन होत नाहीं व त्याची झीज मात्र वाढते. पैसे गेले, मुलाची सुट्टी बसस्थानकावर सुरू झाली, आणि दोष तसाच राहिला. शेवटीं एका वृद्ध मिस्त्रीनें गाडीस हात लावण्यापूर्वीं चार प्रश्न विचारले. सांगली-मिरज रस्त्यावर तापते का? नाहीं. बाजारांत उभी असतां? नाहीं. घाटांत? नेहमीं. पाणी कोठलें घालतां? ‘शेतांतल्या बोअरचें.’ मिस्त्रीनें इंजिन तापवून बंद केलें, किल्ली काढून घेतली (विजेचा पंखा इंजिन बंद असतांही एकाएकीं फिरूं लागतो, हें विसरूं नये), आणि कांहीं वेळानें रेडिएटरवर सावकाश हात फिरविला. बहुतेक भाग ऊन होता, पण मधला मोठा पट्टा गार! त्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतें. रेडिएटर उघडल्यावर त्यांत पांढऱ्या क्षाराची पुटें निघालीं.

आमच्या मतें ह्या भागांत या कारणाचा विचार प्रथम व्हावा. कृष्णाकांठच्या मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांत उंसास अतोनात पाणी दिल्यामुळें पुष्कळ जमीन खारवट झाली आहे. अशा ठिकाणच्या विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. तें तापलें म्हणजे त्यांतील चुना नळ्यांच्या आंत बसतो. घरांतील पाणी तापविण्याच्या भांड्याचा तळ पाहिला, तर ही गोष्ट कोणासही पटेल. हें पूट उष्णतेस भिंतीसारखें आड येतें आणि वाटही अरुंद करतें. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व ग्लायकॉलचें शीतक निम्मेंनिम्म घालावें. गळिताच्या हंगामांत ट्रॅक्टर व मालमोटारी यांच्या रेडिएटरवर बाहेरूनही पाचटाची कुसळें व धूळ चिकटून वारा अडतो. तेथें तर मऊ ब्रशानें झाडण्यापलीकडे उपचार नको.

गाडी घाटांत तापलीच, तर ती बाजूस घेऊन इंजिन बंद करावें आणि निदान अर्धा तास झांकणास स्पर्श करूं नये. आंतील पाणी 100 अंशांच्या वर असून केवळ दाबामुळें न उकळतां राहिलेलें असतें. झांकण सैल होतांच दाब उतरतो, त्याच क्षणीं पाण्याचा कांहीं भाग वाफ होऊन उसळतो, आणि तोंड व हात भाजून निघतात. तापल्या इंजिनांत एकदम थंड पाणी ओतल्यास धातूस तडा जाण्याचा संभव असतो, म्हणून तेंही निवल्यावर थोडें थोडें घालावें. आणखी एक फसवी गोष्ट आहे. पाणी फारच उतरलें, तर तापमान मोजणारा खिळा कोरडा पडतो आणि कांटा खालीं येतो. चालकास वाटतें, इंजिन निवलें; वस्तुतः तें तेव्हां जळत असतें.

ज्यांच्या घरीं मोटार अथवा ट्रॅक्टर आहे, त्या विद्यार्थ्यांनीं एक लहानशी वही गाडींत ठेवावी. कांटा चढला तो दिवस, ती जागा, चढ होता कीं सपाटी, गाडी उभी होती कीं धांवत होती, आणि मागाहून किती पाणी घालावें लागलें, एवढें तींत टिपावें. अशीं पांचसहा टिपणें जमलीं म्हणजे वही मिस्त्रीच्या हातीं द्यावी, आणि मग त्यास पाना उचलूं द्यावा.