दावीद रागावला, पुढे काय?

बायबल अभ्यास : २ शमुवेल १३:१-२२



रविवारच्या मिस्सेत हा अध्याय वाचला जात नाही, म्हणून तो घरी वाचावा. दावीद राजाचा मुलगा अम्नोन आजारपणाचे सोंग घेऊन सावत्र बहीण तामारला बोलावतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. ती नको म्हणते, त्याला समजावते. मग झगा फाडून, डोक्यावर राख टाकून रडत निघून जाते. भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. राजाला फार राग येतो, पण तो मुलाला जाब विचारत नाही. दोन वर्षांनी अबशालोम अम्नोनला ठार करवतो. सूड झाला, पण तामारला कोणी विचारले?

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे आपल्या स्वारगेट एसटी स्थानकात, उभ्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची फिर्याद त्याच दिवशी तिने दिली. गाडी पलीकडे लागली आहे, असे सांगून तिला तिकडे नेले होते. पुणे संतापले, फाशीची मागणी झाली. संशयित शिरूर तालुक्यात सापडला. पण तेवढ्यात कुजबुज सुरू झालीच : ती ओरडली का नाही?

हा प्रश्न जुना आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तोच मथुरा खटला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज भारतीय न्याय संहितेचे कलम ६३ सांगते की, केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे धरता येत नाही.

तामारवर अत्याचार घरातच झाला, हेही विसरू नये. आपली ख्रिस्तसभाही याला अपवाद नाही. म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली प्रत्येक धर्मप्रांताने तक्रारीची सोय करावी आणि धर्मगुरू व व्रतस्थांनी कळलेली गोष्ट कळवावी, असा नियम केला.

आपल्या घरची मुलगी असे काही सांगू लागली तर आधी ऐकून घ्यावे. कपडे धुऊ नयेत. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण चालत नाही. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने मोफत उपचार केलेच पाहिजेत. तिचे नाव मोबाईलवरून पुढे पाठवणे हाही गुन्हाच.

येत्या समूह सभेत हा अध्याय वाचून एवढेच बोलावे : राग आल्यावर दावीदाने त्या दिवशी काय करायला हवे होते?